कावेचा हात

अंबुबाईला दगड दाखवायला न्यायचं, या गोष्टीचं तिच्या लेकाला, मल्हारला, हसूच आलं.

"अगं, जल्म गेला तिचा दगडाधोंड्यात," तो लेकीला म्हणाला. "आत्ता कुटं सोलापुरात फरशीवर पाय टेकलेत, तर तू पुन्यांदा डोंगरावर न्यायला निघालीस व्हय?"

पण ऋतुजा ऐकणारी नव्हती. ती सोलापुरातच पुरातत्त्व शिकत होती. पुरातत्त्व म्हणजे मेलेल्या माणसांची खरकटी हुडकायचं शास्त्र, असं अंबुबाईनं जुळे सोलापुरातल्या शेजारणींना समजावून सांगितलं होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. बदामीच्या बाजूला तांबड्या डोंगरातल्या एका कपारीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी काढलेली चित्रं होती. ती बघायला येणाऱ्या शहाण्यांनी चित्रांच्या बरोबरीनं आपापली नावं लिहून ठेवली होती. खात्याची परवानगी काढून ती नावं धुवायची, हे काम ऋतुजाच्या सरांनी, म्हणजे अण्णारावांनी, अंगावर घेतलं होतं. अडचण एकच होती. तिथला राखणदार शिवपुत्र फक्त कानडी बोलायचा आणि सर पडले नातेपुत्याचे. मागच्या खेपेला सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालला, आणि सरांनी "थांब" म्हणून दाखवलेल्या पंजाचा अर्थ "पाच वाजता या" असा घेऊन शिवपुत्र घरी निघून गेला होता. अंबुबाई दुधनीकडची. तिला मराठी आणि कानडी एकाच घासात खाता यायची.

"आज्जी, तू नुसतं सांगायचं. काम आम्ही करू," ऋतुजा म्हणाली.

नाही म्हणायला अंबुबाईनं तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "जाऊ की." तिचं तिलाच नवल वाटलं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ती नवऱ्याबरोबर, धुळाप्पाबरोबर, मेंढरं घेऊन त्याच बाजूला जात होती. तांबड्या डोंगराचं नाव निघालं की तिच्या पोटात खड्डा पडायचा. पण माणसाचे पाय खड्ड्याकडेच ओढ घेतात, त्याला इलाज नाही.

टाकळीचा पूल ओलांडून गाडी विजापूरच्या रस्त्याला लागली, तसे अण्णाराव सर बोलायला लागले. शिकवायची सवय, समोर विद्यार्थी नसला तर ते गाडीच्या काचेलाही शिकवत असत.

"आजी, ही माणसं लिहायला-वाचायला शिकण्याच्या फार आधीची बरं का. चार हजार वर्षांपूर्वीची."

"पाच, सर," ऋतुजा मागून म्हणाली. "त्या बैलांच्या वशिंडावरून तुम्हीच पाच म्हणाला होतात."

सर हसले. या पोरीची ती खोडच होती. गळ्यात भिंग अडकवून फिरायची आणि खुद्द सरांनाही सोडायची नाही. चुकीला चूक म्हणायचं, मग समोर कुणी का असेना.

"लिवता-वाचता येत न्हवतं, मग आमच्याच जातीची की," अंबुबाई म्हणाली. "मला तरी कुटं येतंय?"

डोंगराच्या पायथ्याला शिवपुत्र उभाच होता. "बर्री अज्जी, यावूर?" त्यानं गाव विचारलं आणि दोघांची कानडी अशी भरधाव सुटली, की सर बिचारे आपल्याच मोहिमेत परके झाले. वर जायला आता पायऱ्या झाल्या होत्या. चढता चढता शिवपुत्र म्हणाला, या खडकाला कुरीबंडे म्हणतात, मेंढ्यांचा खडक. असल्या नावाचे खडक गावोगाव असतात, असं अंबुबाईनं स्वतःला बजावलं. पण वळण संपलं आणि बाळाच्या कुंचीसारखी पुढं झुकलेली ती कपार समोर आली, तशी ती मटकन खाली बसली.

"दम लागला ना? म्हणून म्हणत होते हळू चल," ऋतुजा म्हणाली.

अंबुबाईनं मान हलवली. ती खाली ओढ्याकडे बघत होती. तिथं पूर्वी एक निवडुंगाचं बेट होतं आणि बेटाच्या मुळाशी दगडांची लहानशी रास. आता ना बेट होतं, ना रास. त्याच जागेवरून पायऱ्या वर आल्या होत्या. आपण त्या पायऱ्यांवर चपला घालून आलो, या विचारानं तिला कसंतरी झालं.

"चल, माझा शोध दाखवते," म्हणून ऋतुजानं तिला हाताला धरून आत नेलं.

कपारीच्या भिंतीवर बैल होते, हरणं होती, हातात धनुष्य घेतलेली काडीसारखी माणसं होती, सगळी तांबडी. त्यांच्या आजूबाजूला चुन्यानं, कोळशानं, खडूनं लिहिलेली नावं, तारखा आणि बाण घुसलेले बदाम. ऋतुजा त्या सगळ्यांना ओलांडून आतल्या कोपऱ्यात गेली आणि वाकली. तिथं कंबरेइतक्या उंचीवर, वरून झिरपलेल्या पाण्याची पांढरी साय धरलेला, एक तांबडा पंजा उमटलेला होता. पिंपळाच्या कोवळ्या पानाएवढा. पाचही बोटं फाकलेली.

"मागच्या वेळी इथं कुंभारमाशीचं घरटं होतं. ते काढलं आणि हा दिसला. या डोंगरात दुसरीकडे कुठंच हात नाही, आज्जी. सर तर नाचायचे बाकी राहिले होते. या एका हातासाठी इथं कुंपण मंजूर होईल म्हणतात."

अंबुबाईच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं. तो हात तिच्या लेकीचा होता.

तेव्हा अंबुबाई नवी नवरी म्हणावी अशीच होती. दिवस भरत आलेले, तरी मेंढरांचा आणि बिऱ्हाडांचा वाडा पुढं चालला म्हणून तीही चालत होती. कळा सुरू झाल्या त्या याच डोंगराखाली. धुळाप्पानं तिला या कपारीत आणलं, सोबतच्या एका म्हातारीनं बाळंत केलं. मुलगी झाली. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, हे कुणीही सांगेल. धुळाप्पाच्या घराण्यात त्याच्यापुढं एक पायरी होती. पाचवीला बाळाचा हात भिंतीवर उठवायचा, म्हणजे लिहायला आलेल्या सटवाईची घरं चुकायला नकोत. गावाकडं कुंकवानं उठवलेला तो हात दिवाळीच्या सारवणात जायचा. इथं ना घर होतं, ना भिंत, ना पुरेसं कुंकू. मेंढरांच्या पाठीवर खूण करायची काव तेवढी होती, करडईच्या तेलात कालवलेली, एखाद्या पावसानं न जाणारी. धुळाप्पानं तीच घेतली. भिंतीवरचे बैल बघून तो म्हणाला, "आपल्या आदी कुनी धनगर येऊन गेल्यात बग." आणि त्या बैलांच्या शेजारी त्यानं लेकीचा हात टेकवला.

सटवाईला घर सापडलं, पण तिनं लिहिलं थोडंच. बारशाच्या आधीच पोर तापानं गेली. ते साल असं कोरडं होतं की ओढ्याला प्यायपुरतंही पाणी नव्हतं. न्हाऊ घालायला कुठून आणणार? अंगावरच्या फडक्यातच तिला निवडुंगाखाली ठेवली. वाटेत गेलेलं मूल वाटेतच ठेवायचं, उंबऱ्याच्या आत त्याचं नाव काढायचं नाही, अशी वाड्याची रीत. हिला तर काढायला नावही नव्हतं. पुढं मल्हार झाला, धुळाप्पा गेला, मेंढरं गेली. आपल्याला एक थोरली बहीण होती, हे मल्हारला आजतागायत माहीत नव्हतं.

"विचार करा आजी," मागून येऊन सर म्हणाले. त्यांचा आवाज हळवा झाला होता. "पाच हजार वर्षांपूर्वी कुणी एक आई इथं बसली असेल. लेकराचा हात धरून तिनं तो इथं टेकवला असेल."

"व्हय," अंबुबाई म्हणाली. "बसली असंल."

आणि मग तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, उकळ्याच फुटल्या. आपली पोर आहे इथं! मातीत मिळाली म्हणून जिला विसरायचा जन्मभर अभ्यास केला, ती या शिकलेल्या माणसांनी शोधून काढली, आणि आता तिला सरकारचं कुंपण मिळणार. आपण नुसतं तोंड शिवून बसायचं. तोंड शिवायची सवय तर होतीच.

काम सुरू झालं. सरांचा नियम साधा होता. अलीकडच्या माणसानं काढलेलं जे जे दिसेल ते धुवायचं, त्यात लहान-थोर, आपला-परका बघायचा नाही. सर सांगायचे, अंबुबाई कानडीत वळवायची, शिवपुत्र ओल्या कुंचल्यानं घासायचा. एक एक रमेश, सुरेश, मंजुनाथ भिंतीवरून उतरत होता. मधेच शिवपुत्रचा हात थांबला. समोर कोळशानं कानडीत काहीतरी लिहिलेलं होतं आणि तो कान खाजवत होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

अंबुबाईनं त्याला विचारून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "त्येचंच नाव हाय. शाळंत असताना लिवलेलं. ऱ्हाऊ द्या म्हनतोय, लई बारीक हाय."

सर हसले, पण मान हलवून नाही म्हणाले. शिवपुत्रनं आपलं नाव आपल्या हातानं घासून काढलं, आणि ते इतरांच्यापेक्षा जास्त जोरात घासलं. नंतर बराच वेळ तो त्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत बिडी ओढत बसला. अंबुबाईचं हसू तेव्हाच मावळलं.

दुपारी कपारीच्या सावलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. ऋतुजाची टकळी चालूच होती. त्या हातावर ती काय काय लिहिणार, ते सांगत होती.

"मला ना आज्जी, ती बाई दिसते. खरंच. तिचे केस पिंजारलेले असतील, गळ्यात शिंपल्यांची माळ असेल. नवरा शिकारीला गेलेला. मूल मांडीवर घेऊन ती एकटीच बसलीय. तिला काय वाटलं असेल गं हात उमटवताना? तिला कळत असेल का, की आपलं लेकरू आपल्यापेक्षा एवढं जास्त टिकणार आहे?"

अंबुबाईनं भाकरीचा तुकडा कडकन मोडला. ही कोण भवानी? शिंपल्यांची माळ घालून माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसलेली? तिला राग आला. पाच हजार वर्षांपूर्वीच्या, जिचं हाडसुद्धा उरलं नाही अशा बाईचा तिला सपाटून राग आला. कळा आपण सोसायच्या, आणि आई म्हणून त्या बाईचं कौतुक? कुंपण घातलं, लोक आले, की हरएक माणूस त्याच बाईसाठी हळहळणार. पोर राहील, पण ती दुसरीची होऊन राहील. आणि ती दुसरीला देऊन टाकायचं काम आपलीच नात करणार, तेही जिनं आजवर कुणाची एक चूक खपवून घेतली नाही तिनं. गप्प राहिलं तर हात टिकतो आणि लेक जाते. बोललं तर लेक आपली होते, पण हात जातो. अंबुबाईनं भाकरी खाली ठेवली.

"ऋतू, ती काव हाय," ती म्हणाली. "मेंढराला लावायची. करडईच्या त्येलातली."

"हो, म्हणजे तसाच रंग असायचा तेव्हाही. तांबडा दगड उगाळून..."

"तवाचं न्हाय सांगत मी. ती माझी पोर हाय."

मग ती एका दमात बोलत सुटली. पाचवी, सटवाई, आटलेला ओढा, निवडुंग, पायऱ्या. ऋतुजाच्या हातातला घास हातातच राहिला. पहिल्यांदा तिला वाटलं, उन्हानं आज्जीला भोवळ आलीय.

"आज्जी, कपारी सारख्याच दिसतात गं. दुसरी कुठली असेल."

"त्यो हात डावा हाय का उजवा?"

ऋतुजानं आठवून पाहिलं. "डावा."

"उजव्यात तिनं माझं बोट धरलं हुतं. लई घट्ट. तुझा आजा सोडवाय लागला तर पोर रडायला लागली. मग त्यो म्हनला, ऱ्हाऊ दे, डावा तर डावा."

ऋतुजा उठली, कोपऱ्यात गेली आणि भिंग लावून खूप वेळ त्या हाताशी बसून राहिली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. ती आज्जीला चिकटून बसली.

"म्हणजे ती माझी आत्याच की."

अंबुबाईनं चमकून तिच्याकडे पाहिलं. नाव नाही म्हणून जिला हाक मारायची सोय नव्हती, तिला हे नातं तयारच होतं आणि इतक्या वर्षांत ते आपल्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सरांना नको सांगायला," ऋतुजा एकदम म्हणाली. "धुवायला लागेल नाहीतर. कुणाला कळणार आहे? मी नाही सांगत."

"आनी त्या शिवपुत्राचं नाव? ते धुतलं की सकाळी."

खाली मान घालून ऋतुजानं भाकरीचे तुकडे गोळा केले, ते पाखरांना टाकले आणि हात झटकून सरांकडे गेली.

"सर, तो हात जुना नाही," ती म्हणाली. आवाज फुटत होता, पण शब्द स्वच्छ होते. "तो माझ्या आत्याचा आहे."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ऋतुजानं सगळं सांगेपर्यंत ते चष्मा पुसत राहिले. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. कुंपण गेलं, शोध गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण माणूस भला होता. ते अंबुबाईसमोर येऊन बसले.

"राहू दे आजी. आपण काही लिहायचं नाही त्याच्यावर, म्हणजे झालं."

"उद्या दुसरं कुणी येईल आणि लिहील, सर," ऋतुजा म्हणाली. "पाच हजार वर्षं म्हणून. तुम्हाला माहितेय."

सरांना माहीत होतं. शिवपुत्र लांबून सगळ्यांची तोंडं बघत होता. अंबुबाई उठली, पदर खोचला आणि त्याला कानडीत दोनच वाक्यं बोलली. तो धावत गेला आणि त्यानं आपल्या चहाच्या चुलीवर भांडं चढवलं.

"पाणी कशाला तापवतोय तो?" सरांनी विचारलं. "गार पाण्यानंही निघतं, आजी."

"गार नगं," अंबुबाई म्हणाली. "न्हाऊ घालायची ऱ्हायलीया तिला. पानीच न्हवतं तवा."

ऋतुजानं बाह्या वर सारल्या.

शिवपुत्रनं आणलेलं पाणी तिनं आधी स्वतःच्या मनगटावर घालून बघितलं. थोडं गार पाणी मिसळायला लावलं. कुंचला नको म्हणाली. ऋतुजानं भांडं धरलं आणि अंबुबाई ओंजळीनं पाणी घेऊन दगडावर सोडू लागली. आधी पांढरी साय मऊ झाली, मग खालचा तांबडा रंग ताज्यासारखा उजळला, आणि क्षणभर हात नुकताच उठवल्यासारखा दिसला. तिनं त्यावर आपला तळवा ठेवला. बाळाच्या अंगाला तेल जिरवावं तसा गोल गोल फिरवला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. बाळ रडू नये म्हणून बाया बोलतात तसलं, अर्धं मराठी, अर्धं कानडी. काव ओघळून तिच्या कोपरापर्यंत आली. अंगठा गेला, मग बोटं एक एक करून गेली. करंगळी उशिरा गेली. अंबुबाई रडत होती आणि ते लपवायचा तिनं काहीच प्रयत्न केला नाही.

पण सगळं जाईना. तेल दगडात मुरलं होतं. तळव्याच्या जागी फिकट तांबूस डाग उरला, जाणत्यालाच दिसेल असा. तिनं पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा चोळलं. डाग तसाच. तिनं मागं वळून नियम सांगणाऱ्या माणसाकडे पाहिलं.

अण्णाराव सर जवळ आले, वाकले, नीट निरखून पाहिलं आणि सरळ उभे राहिले.

"पुरे आता, आजी," ते दुसरीकडेच बघत म्हणाले. "निघालं सगळं. उरलाय तो दगडाचाच रंग."

अंबुबाईनं नातीकडे पाहिलं. सरांचं चार हजार तिनं सकाळीच पाच करून दिलं होतं. ऋतुजा पुढं झाली. गळ्यातलं भिंग तिनं काढून हातात घेतलं, त्या डागापर्यंत नेलं आणि डोळ्याला न लावताच मिटून खिशात घातलं.

"व्हय की, आज्जी," ती म्हणाली, आणि एरवी शहरातलं बोलणारी ती पोर कधी नव्हे ते अगदी आज्जीसारखं बोलली. "दगडाचाच रंग हाय."